कोरडं तस्त

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा लागला की माझ्या जिभेचं पथ्य सुरू होतं. ठेचा बंद, कच्चा कांदा बंद, लसणाची चटणी बंद, सकाळचा चहासुद्धा टाक्यांतल्या वाईनची चव बघून झाल्यावर. दीड-दोन महिने ज्वारीची भाकरी आणि बिनफोडणीचं वरण. सुजाता, माझी बायको, ताट पुढ्यात सरकवताना दरवर्षी एकच वाक्य म्हणते, "आजाऱ्याचं ताट वाढून राहिले मी." तिचं काही चुकत नाही. द्राक्षांच्या हंगामात वाईन करणारा माणूस आजाऱ्यासारखाच वागतो. त्याला कुठला वास सहन होत नाही, कुणाशी बोलायचं नसतं आणि झोप कधीच पुरत नाही.

यंदा मला या सगळ्याचा कंटाळा आलाय, आणि तो लपवण्याचाही कंटाळा आलाय. टाकीची शिडी चढताना उजवा गुडघा बोलतो. सध्या मी अर्धापूरजवळ एका छोट्या कारखान्यात आहे. मालकांना केळीची वाईन करायची हौस आहे. द्राक्षांच्या नव्या पांढऱ्या वाईनला, ती थंडीत हळूहळू आंबवली तर, पिकल्या केळीचा वास येतो. तरुणपणी हा वास मी लांबून ओळखायचो आणि त्याचा मला गर्व होता. आता नांदेडहून इकडे येणाऱ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, ट्रकमध्ये केळीचे घड, टाकीत केळीचा गर. त्यामुळे वाईनमधला केळीचा वास मला येईनासा झालाय. एवढी वर्षं ज्या नाकावर पोट भरलं, ते आता निम्मं सुट्टीवर असतं.

पण आज सकाळी औश्याकडून काळ्या द्राक्षांचे क्रेट आले. मी सवयीनं एक मणी तोंडात टाकला, गर गिळला आणि बी दाढेखाली धरली. द्राक्ष पिकलंय की नाही, हे मी गोडीवरून ठरवत नाही, बी चावून ठरवतो. कच्ची बी तोंड ओढते. पिकलेली बी भाजल्या शेंगदाण्यासारखी कट्कन मोडते. आजची मोडली, आणि तिच्याबरोबर दुष्काळातला तो हंगाम तोंडात आला. तसा तो दरवर्षीच येतो, नुसतं निमित्त लागतं.

तेव्हा मी औसा-निलंगा रस्त्यावरच्या एका वायनरीत होतो. मालक लातूरचे डाळमिलवाले. सगळे त्यांना आप्पा म्हणत. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि आयुष्यात दारूच्या थेंबाला स्पर्श नाही. औश्याकडच्या शेतकऱ्यांची द्राक्षं बाजारात पडून राहतात म्हणून त्यांनी हा उद्योग काढला होता. टाकीत रस आंबायला लागला की ते नाकाला उपरणं लावून लांब उभे राहायचे आणि दरवर्षी न चुकता विचारायचे, "आंबट वास येऊन राहिलाय. बिघडलं तर न्हाई ना?" मी न बिघडल्याचं सांगायचो. त्यांना पटायचं नाही, पण ते विश्वास ठेवायचे.

आणि वाईन करणारा मी. माझी तऱ्हा त्यांच्याहून वेगळी नव्हती, कारण मीही पीत नव्हतो. चव घ्यायचो आणि थुंकून टाकायचो. पुण्या-मुंबईची पाहुणेमंडळी येत, पेला गोल गोल फिरवत, आणि अमक्या वाईनबरोबर काय खावं, हे मला विचारत. मी खरं ते सांगायचो. उडदाच्या घुट्याबरोबर लाल वाईन चांगली जाते. निलंग्याच्या गाड्यावरचा तिखट भात असेल तर पांढरी, थोडी आंबट. लाकडी पिंपात मुरवलेली मला आवडत नाही, फर्निचर चाटल्यासारखं वाटतं. ते हसायचे, त्यांना विनोद वाटायचा. ही माझी मतं मी एक घोटही न गिळता बनवलेली आहेत, हे त्यांना कधी कळलं नाही.

न गिळण्याचं कारण दादा होते, म्हणजे माझे वडील.

दादा कलेक्टर कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. आमचं घर बौद्ध. दादा लातूरच्या आमच्या वस्तीतल्या विहारात दर पौर्णिमेला वंदना घ्यायचे. ते पुढे म्हणायचे, बाकीचे मागून म्हणायचे. पंचशीलातलं पाचवं शील नशा आणणाऱ्या पदार्थांपासून दूर राहण्याचं आहे, आणि मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकून, कोचिंग क्लासची चांगली नोकरी सोडून, वाईन करायला निघालो होतो. दादा चिडले नाहीत. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी फाइलवर शेरा मारावा तसा निर्णय दिला.

"शील नशेबद्दल हाय," ते म्हणाले. "जिभेबद्दल त्यात काय न्हाई. तोंडात घे, चव बघ, थुकून टाक. एक घोट बी आत जाऊ द्यायचा न्हाई. एवढं जमत आसंल तर कर."

मी हो म्हटलं. मग ते माळ्यावर चढले आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पितळी तस्त घेऊन खाली आले. तस्त म्हणजे पान खाऊन थुंकायचं भांडं. रुंद तोंड, आवळलेला गळा, बुडाला जाड. हे तस्त मला लहानपणापासून माहीत होतं, पण ते घरात का आहे, ते ठाऊक नव्हतं. निजामाच्या राज्यात माझे आजोबा एका तहसील कचेरीत झाडलोटीला होते. साहेबाचं तस्त रोज सकाळी ओढ्यावर नेऊन घासून आणणं हे त्यांचं काम. पुढे उस्मानाबादेतून लातूर वेगळं निघालं, नवा जिल्हा झाला, आणि त्या धांदलीत जुन्या कचेरीतलं भंगार लिलावात निघालं. तेव्हा दादांनी दुसरं काही घेतलं नाही, हे तस्त तेवढं घेतलं. घरात याचं काय करायचं, असं आईनं विचारलं तेव्हा त्यांनी ते नुसतं माळ्यावर ठेवून दिलं होतं. मला देताना मात्र म्हणाले, "माझ्या बापानं दुसऱ्याची थुकी उचलली. तू यात तुझी टाक. आन् धुवायचं बी तूच."

नवा जिल्हा झाल्याची माझी स्वतःची आठवण एवढीच आहे, की उस्मानाबादहून दप्तरं घेऊन निघालेल्या ट्रकमध्ये दादांनी मला बरोबर घेतलं होतं. मी लाल कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांवर बसलो होतो. जुना कागद, लाख, कसर आणि उन्हात तापलेलं कापड असा एक वास तिथे होता. फार वर्षांनी एका जुन्या बाटलीचं बूच काढलं आणि तोच वास आला. मी वहीत त्या वाईनच्या पुढे 'नवा जिल्हा' असं लिहून ठेवलं. ती वही दुसऱ्या कुणाच्या हातात पडली असती तर त्याला काय कळलं असतं देव जाणे.

वस्तीत कुजबुज झालीच. ज्याचा पोरगा दारू करतो त्यानं पाचवं शील कसं सांगायचं, असं एक-दोघांनी विहारात सगळ्यांसमोर विचारलं. दादा शांतपणे म्हणाले होते, "माझा पोरगा एक घोट बी गिळत न्हाई. गिळंल त्या दिवशी मी पुढं बसनार न्हाई." मी तिथेच सतरंजीवर होतो. मला अभिमान वाटला. आपल्या नावावर किती वजन ठेवलं गेलंय, याचा अंदाज आला नाही.

मग तो दुष्काळ आला. त्याच्या आधीचं वर्षही कोरडंच गेलं होतं, त्यामुळे दुष्काळ आला असं म्हणणंही बरोबर नाही, तो गेलाच नव्हता. लातूरला रेल्वेनं पाणी आलं तोच उन्हाळा. वेलींची पानं फेब्रुवारीतच करपली. मणी वाटाण्याएवढे राहिले, साल जाड, आत रस नावाला. द्राक्षं तोडायला शेजारच्या गावातल्या बायका यायच्या. त्यांची मुकादम गयाबाई, साठीची, काटक, तोंडानं फटकळ. पहिल्याच दिवशी तिनं मला अडवलं.

"भाऊ, मजुरी द्या न्हाई तर ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "सांजच्याला जाताना बाईमागं एक घागर पाणी पायजे."

वाईनला पाणी लागत नाही, पण वायनरीला लागतं. टाक्या धुवायच्या, नळ्या धुवायच्या, फरशी धुवायची, आणि आंबताना रस तापू नये म्हणून टाकीच्या अंगावरून गार पाणी खेळवायचं. आमच्या हौदातलं पाणी मी बोटांवर मोजून ठेवलं होतं. मी आप्पांना फोन केला. त्यांनी क्षणभरही घेतला नाही. "घागर द्या," ते म्हणाले, "वाईन ऱ्हायली तर ऱ्हायली." त्या वाक्यासाठी मी त्यांच्या सगळ्या आंबट वासाच्या चौकश्या माफ केल्या.

घागरी जात राहिल्या आणि हौद उतरत गेला. शेवटी हिशेब असा झाला, की सात टाक्यांपैकी एकच स्वच्छ आणि थंड ठेवता येईल. बाकीची द्राक्षं आम्ही बेदाण्याला देऊन टाकली. उरलेल्या त्या एका टाकीत काळ्या द्राक्षांची लाल वाईन. तिच्याभोवती ओली गोणपाटं गुंडाळून मी आणि गयाबाईच्या बायका दिवसभर त्यावर तांब्यातांब्यानं पाणी शिंपडत होतो. धुवायला पाणी नाही म्हणून तस्तही मी राखेनं घासायचो, तेसुद्धा दिवसातून एकदा, सकाळी. जिभेवरची चव उतरवायला चूळ भरायची सोय नव्हती. कोरड्या भाकरीचा तुकडा चघळायचा आणि पुढची चव घ्यायची. त्या हंगामाची चव म्हणजे तांबूस लाळेत भिजलेली भाकरी.

वायनरीशेजारच्या गावात तेव्हा दोनच विषय होते, टँकर आणि नवा जिल्हा. उदगीर जिल्हा होणार, निलंगा तिकडं जाणार, अशी हवा दर दोन-तीन वर्षांनी उठते तशी तेव्हाही उठली होती. दादा लातूर जिल्हा झाला तेव्हापासूनचे कचेरीतले जुने माणूस, म्हणून सगळे त्यांना विचारायचे. नवा जिल्हा झाला तर पाणी येईल का? दादा चष्मा पुसत म्हणायचे, "आदी पाटी येती. मग साहेब येतो. पाणी मागनं येतंय, यायचं आसंल तर." तरीही गावानं टँकरचं निवेदन लिहायला बोलावलं की ते एसटीनं यायचे. निवेदन दादांच्या हातचं असलं की कचेरीत त्यात खोट काढता येत नाही, असा त्यांचा लौकिक होता.

मे महिन्याच्या सुरुवातीला असेच ते यायचे होते. त्याच सकाळी मी टाकीतली वाईन पहिल्यांदा नीट चाखायला बसलो. एवढे दिवस नुसती तपासत होतो, आज ठरवायचं होतं की ही बाटलीत भरण्याजोगी आहे की नाही. तोडणी कधीच संपली होती, पण गयाबाई पाण्यासाठी रोज यायची. रिकामी घागर काखेत घेऊन ती दारात उभी होती. मी पेला भरला. रंग इतका गडद की पेल्यातून पलीकडचं बोट दिसेना. वास घेतला. मग तोंडात घेतली आणि थांबलो.

पंधरा वर्षांत मी अशी वाईन केली नव्हती. पुढेही केली नाही. पाण्यावाचून तडफडलेल्या वेलींनी जे काही उरलं होतं ते सगळं त्या बारक्या मण्यांत भरलं होतं.

मी तस्ताकडे वाकलो. गयाबाई बघत होती. तिच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं.

"थुकून टाकताव?" ती म्हणाली. "आमी तांब्या तांब्या वतलाय तिच्यावर. आन् तुमी थुकून राहिलात?"

मी गिळलं.

तिच्यामुळे गिळलं असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. दुष्काळात थुंकायची लाज वाटली म्हणून, तिच्या कष्टाचा मान राखायचा म्हणून. यातलं काहीच खोटं नाही. पण ते पुरतंही नाही. ती वाईन फार चांगली होती आणि मला ती हवी होती. गयाबाईनं बोलायच्या आधीच मी थांबलो होतो, हे मला माहीत आहे. ती घागर भरून घेऊन गेली. मी दुसरा घोट घेतला, आणि तोही गिळला.

दुपारी दादा आले. निवेदन देवळाच्या पारावर बसून लिहून झालं होतं. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांना माठातलं पेलाभर पाणी दिलं. ते त्यांनी अर्धं प्यायलं आणि अर्धं झाकून ठेवलं. मग नेहमीसारखी त्यांनी कारखान्यावरून एक नजर फिरवली. टेबलावर पेला होता, बुडाशी लाल. शेजारी तस्त. दादांनी ते उचललं, तिरपं करून आत पाहिलं, आणि तर्जनी आतून फिरवून बाहेर काढली. बोटाला सकाळची राख लागली होती, कोरडी.

आयुष्यभर त्यांनी कागद वाचले होते. त्यांना विचारायची गरज नव्हती. मी काहीतरी बोलू शकलो असतो. अजून चव घ्यायचीय, असं म्हटलं असतं तरी त्यांनी वाद घातला नसता. पण खोटं न बोलण्याचंही एक शील आहे, पाचव्याच्या आधीचं. एका दिवसात दोन मोडायची माझी छाती झाली नाही.

"गिळलं, दादा," मी म्हणालो.

ते स्टुलावर बसले. पंखा फिरत होता, वीज होती हेच आश्चर्य. त्यांनी विचारलं, "लई चांगली झाली का?"

"हाव."

"कशी लागली?"

ते असं काही विचारतील असं मला वाटलं नव्हतं. मी सांगायला लागलो. "आदी जांभळासारखी. तोंड वढतंय. मग मिऱ्यासारखं तिखट येतंय. आन् गिळल्यावर..." तिथे मी अडखळलो. वाईन गिळल्यावर कशी लागते हे मी आजवर पुस्तकात वाचलेलं होतं. "गिळल्यावर लई वेळ ऱ्हाती, दादा."

त्यांनी मान हलवली. "बहात्तर साली मी खडी फोडायला होतो," ते म्हणाले. "आमच्या वावरात ज्वारीचं कणीस बोटायेवढं आलं हुतं. दाणा बारका. पर तसली गोड ज्वारी मी पुन्हा खाल्ली न्हाई. घरात सगळे उपाशी, आन् मला त्या गोडीची लाज वाटायची." मग त्यांनी झाकून ठेवलेलं अर्धं पाणी प्यायलं, पिशवी उचलली आणि साडेतीनच्या एसटीनं परत गेले. रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

पंधरा-वीस दिवसांनी बुद्धपौर्णिमा होती. विहारात खीर करायची नाही असं आधीच ठरलं होतं, भांडी घासायला पाणी नव्हतं. प्रत्येकाच्या हातावर खडीसाखर दिली. सगळे पांढरे कपडे घालून आले होते, त्या कपड्यांना त्या वर्षी पिवळट झाक होती. मी नेहमीसारखा शेवटच्या रांगेत बसलो. पुढे दादांची जागा रिकामी होती. वेळ झाली तेव्हा ते दारातून आत आले, आणि पुढे न जाता सतरंजीच्या मागच्या टोकाला, माझ्या शेजारी येऊन बसले. सगळ्या माना वळल्या. कुणीतरी पुढे या म्हणालं. दादा म्हणाले, "आज दुसऱ्यानं घ्यावी." विहारात दिलेला शब्द सगळ्यांच्या लक्षात होता. मला उठून जावंसं वाटलं, आणि उठलो तर सगळ्यांना कळेल म्हणून बसून राहिलो. आता यात कळायचं काहीच राहिलं नव्हतं, हेही मला कळत होतं.

पोस्टातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी वंदना घेतली. त्यांचा सूर लागत नव्हता. पहिलं शील झालं, दुसरं झालं. मी सगळ्यांबरोबर म्हणत होतो. चौथंही म्हटलं. पाचव्याला माझा आवाज गेला. सगळा विहार म्हणत होता आणि मी तोंड मिटून बसलो होतो. दादांचा कोपर माझ्या बरगडीला लागला.

"म्हण," ते हळूच म्हणाले.

मी मानेनंच नाही म्हटलं.

"म्हण," ते पुन्हा म्हणाले, समोर बघतच. "मोडत नसतं तर एकदाच म्हणलं असतं की. दर पौर्णिमेला कशाला म्हणलं असतं?"

मी म्हटलं. सगळ्यांचं म्हणून झालं होतं, त्यामुळे आम्हा दोघांचेच आवाज उरले होते, त्यांचा आणि माझा.

ती वाईन विकली गेली, नावाजलीही गेली. तिचं कौतुक करणाऱ्यांनी त्या वर्षीच्या 'ताणाबद्दल' छान छान लिहिलं. ताण वेलींचा, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. दोन वर्षांनी आप्पांनी वायनरी बंद केली आणि तिथे डाळीचं गोदाम झालं. उदगीर जिल्हा अजून व्हायचाय. गयाबाईचं पुढे काय झालं, मला माहीत नाही, आणि विचारायला मी कधी गेलो नाही, याचं मला वाईट वाटतं. दादा पुन्हा कधीच पुढे बसले नाहीत. लोकांनी आग्रह केला, तरी नाही. दर पौर्णिमेला ते माझ्या शेजारी, मागच्या रांगेत. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली.

आज सकाळी ती बी मोडली तेव्हा मी टेबलाशी येऊन बसलो. मागच्या महिन्यातली केळीची वाईन चाखायची राहिली होती. ती चांगली नाही, बरीही नाही. मी तोंडात घेतली, घोळवली आणि तस्तात थुंकली. अशी वाईन थुंकायला काही लागत नाही. मग नळ सोडून तस्त धुतलं, पाणी भरपूर होतं. परवा पौर्णिमा आहे, लातूरला जायचंय. मागच्या रांगेत आता माझ्या शेजारी सुजाता बसते. पाचव्याला मी अजूनही क्षणभर थांबतो, आणि मग सगळ्यांचं झाल्यावर एकटाच म्हणतो.